जंगलाच्या काठीही शांतता क्षेत्र हवे

महोदय,

नागपूरच्या गोरेवाडा आणि अंबाझरीच्या जंगलात पर्यटकांसाठी सोयी वाढवाव्यात, असे सुचवणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. वाटा, पाणी आणि स्वच्छतागृहे हवीतच. मात्र शहराला लागून असलेल्या या जंगलांत माणूस ज्यासाठी जातो, त्या शांततेचा लेखात उल्लेखही नाही. सुटीच्या सकाळी तलावाकाठी मोबाइलच्या स्पीकरवर गाणी सुरू झाली की पाणपक्षी दूर सरकतात आणि दुर्बीण घेऊन आलेली मुले हिरमुसून परततात, हे मी अनेकदा पाहिले आहे. पावसाळ्यात येणारा नवरंग पक्षी तर दिसण्याआधी ऐकूच येतो. गोंगाटात तो असून नसल्यासारखा!

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर राज्य सरकारने अधिसूचित केल्यास शांतता क्षेत्र ठरतो, तेथे दिवसाची मर्यादा 50 डेसिबल आहे आणि सक्षम प्राधिकाऱ्याला अन्य परिसरही तसा घोषित करता येतो. या तरतुदीचा उपयोग करून या दोन्ही जंगलांच्या पायवाटा व तलावकाठ शांतता क्षेत्र म्हणून घोषित करावेत आणि प्रवेशद्वारावरच स्पीकर जमा करून घ्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, नागपूर