मनूस, टूरवर निघण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

"शो झाला की दोन दिवस कानात शिटी वाजते, मग आपोआप जाते," असं काल फोनवर हसत सांगितलंस आणि लगेच व्हॅनच्या भाड्यावर गेलीस. बाबा शेजारीच बसले होते, म्हणून मी गप्प राहिले. सोमवारी टूर सुरू होतेय, त्याच्या आत हे तुला मिळावं. खरं तर मला तुझ्या रेकॉर्डिंगच्या कामाच्या कराराबद्दलच लिहायचं आहे.

बँडचा अल्बम रेकॉर्ड करताना पॉइंट, म्हणजे विक्रीतला टक्का, घ्यायचे नाहीत, एकरकमी फी घ्यायची, हे तुझं ठरलंय. तुझं दैवत, रेकॉर्डिंग इंजिनिअर आणि गिटारवादक स्टीव्ह अल्बिनी, तेच करायचा. 1988 मध्ये पिक्सीज बँडच्या अल्बमला दीड हजार डॉलर, 1993 मध्ये निर्वाणा बँडच्या अल्बमला एक लाख, आणि दोन्हीकडे रॉयल्टी शून्य. प्लंबरला देतात तसे कामाचे पैसे द्या, एवढंच त्याचं म्हणणं. मला ते पटतं. 'प्रोड्यूसर' न म्हणता 'रेकॉर्डेड बाय' लिहायचा तुझा हट्टही पटतो. मामाला अजून वाटतं तू नुसती बटणं फिरवतेस. गणपतीत आला होता तेव्हा तुझी एलपी काढून त्याला नावावर बोट ठेवून दाखवलं. चष्मा नाही म्हणाला. मी आणून दिला.

पण हिशोब नीट मांड. निर्मात्याचे पॉइंट साधारण 3-4 टक्के. बँड चालला तर ते पैसे तू घरी बसलीस तरी येत राहतात. फी मात्र काम केलं तरच. अल्बिनीकडे निदान स्वतःची वास्तू होती: 1997 पासून तुझ्याच शिकागोत बेलमाँट अव्हेन्यूवर दोन स्टुडिओ, मातीच्या विटांच्या भिंती, आणि तिथे दुसरे इंजिनिअरही काम करायचे. तुझ्याकडे भाड्याची खोली आहे आणि दोन कान.

करारात लिहून घे: दिवस किती तासांचा, ड्रम लावून माइक बसवायचा दिवस धरलाय का, टेप कोणाच्या खर्चाने. दोन इंची टेपचं 2500 फुटांचं रीळ सेकंदाला 30 इंच वेगाने 16 मिनिटांच्या थोडं वर चालतं, 15 ला 33. एकाच गाण्याचे चार टेक ठेवायचे म्हटले की रीळ संपलं. टेप फीमध्ये धरलीस तर हातात काही उरत नाही.

आता कान. लिहिणार नव्हते, पण लिहिते. 85 डेसिबलला 8 तास ही दिवसाची मर्यादा, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 94 ला 1 तास, 100 ला फक्त 15 मिनिटं. छोट्या क्लबात ड्रमशेजारी 100 च्या वरच असतं, म्हणजे तुमचा दिवसाचा वाटा साउंडचेकलाच संपतो. तू पाठवलेल्या व्हिडिओत ड्रमची क्रॅश सिंबल (पितळी झांज) बरोबर तुझ्या उजव्या कानाच्या उंचीला आहे, हातभर अंतरावर. दोन पावलं पुढे उभी राहा. आणि गिटारचा अँप (स्पीकरचा खोका) जमिनीवर ठेवू नकोस. त्याचा ट्रेबल, म्हणजे वरचा धारदार आवाज, सरळ रेषेत जातो, तो तुझ्या पोटऱ्यांवर आदळतो. तुला ऐकू येत नाही म्हणून तू आवाज वाढवतेस आणि पहिल्या रांगेतली माणसं कान धरतात. क्रेटवर चढव, मागे थोडा कलता कर, मग बघ किती कमी आवाजात भागतं.

कानात घालायचे फोमचे प्लग बासपेक्षा (खालच्या आवाजापेक्षा) ट्रेबल जास्त खातात, म्हणून बँडवाले वैतागून काढून टाकतात. कानाचं माप देऊन फिल्टरवाले करून घे, 9, 15 आणि 25 डेसिबलचे मिळतात. तुला 15 चा पुरेल, ड्रमला चिकटून उभं राहायचं असेल तर 25 चा. पैसे मी पाठवते. नको म्हणू नकोस.

शिटी गेली म्हणजे कान बरा झाला असं नसतं. आवाजाने कान जातो तो आधी 4000 हर्ट्झच्या आसपास. तिथेच तुझ्या पिकची धार असते, गायकाचा स आणि त असतो. तिथलं कमी झालं की मिक्समध्ये तू तेच वाढवणार. तुला ठीक वाटेल, ऐकणाऱ्याला टोचेल, आणि कामं का कमी झाली हे तुला कोणी सांगणार नाही.

आप्पांना शेवटी कोणीतरी बोलतंय हे कळायचं, काय बोलतंय ते नाही. 'सात' म्हटलं की 'आठ' ऐकायचे आणि तेवढे कप मांडायचे. आजी बोलण्याआधी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची. इचलकरंजीच्या मागांवर त्या काळी कानात कापूससुद्धा कोणी घालत नसे. तू त्यांच्या मांडीवर बसून ती पहिली गिटार वाजवायचीस, लाकडाला कान टेकवून ऐकायचे ते. तुला आठवत नसेल.

झालं, परत लेक्चर. रागावू नकोस. तुझं काम मला कळतं म्हणूनच जास्त भीती वाटते.

अल्बिनी 7 मे 2024 ला हार्ट अटॅकने गेला तेव्हा 61 चा होता, आणि त्याच्या बँडचा नवा अल्बम 17 मेला यायचा होता. म्हणजे त्या वयातही वाजवत होता, दुसऱ्यांचं रेकॉर्ड करत होता. पॉइंट नाकारायचे तर तुलाही तेवढी वर्षं ऐकू यायला हवं. गिटारचा पट्टा त्याच्यासारखा कमरेला बांधतेस, ते छान आहे, खांदा तरी वाचतो.

टूरच्या आधीच ऑडिओग्राम, म्हणजे कानाची तपासणी करून आलेख, काढ. आदले 16 तास तालीम नाही, हेडफोन नाही. 3000, 4000 आणि 6000 हर्ट्झ तिन्ही तपासायला सांग, 8000 पण. नुसतं 'नॉर्मल' म्हणाले तर ऐकू नकोस, कागद माग आणि त्यावरच्या दोन्ही कानांच्या आलेखाचा फोटो मला पाठव. आणि कधी एका कानाला अचानक कमी ऐकू आलं तर मळ असेल म्हणून टाळू नकोस. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा, पुढचा शो रद्द झाला तरी चालेल. त्यातली औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी जास्त लागू पडतात.

तुझी,
आई

ता. क. फिल्टरवाले येईपर्यंत फोमच वापर. बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, मग आत घालून अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचं. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की बसला. धुऊन परत वापरू नकोस.