एअरबॉक्स किटविषयी तक्रार: चुकीचं माप, गरम हवा आणि पाणी ओढण्याचा धोका

दांडिया बाजार, बडोदे
९ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
पुणे

विषय: १२०० सीसी पेट्रोल गाड्यांसाठीच्या एअरबॉक्स किटमधील दोष, पैसे परत मिळणे आणि पावसाळ्यापूर्वी विक्री थांबवणे याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

आपलं एअरबॉक्सचं, म्हणजे इंजिनाच्या एअर फिल्टरच्या डब्याचं, ८,४०० रुपयांचं किट मागवलं आणि सोबतच्या पत्रकाबरहुकूम गाडीला बसवलं. गाडी ११९७ सीसीची, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली, मास एअर फ्लो सेन्सरची. तक्रार केली की आपल्या ग्राहक सेवेचं उत्तर ठरलेलं: "फिटिंग तपासून घ्या." फिटिंग तपासून झालं, मोजमापंही घेतली. चूक फिटिंगची नाही, किटच्या आखणीतच आहे.

सगळ्यात आधी सेन्सरच्या नळीचं बोलतो, कारण इंजिनाचं नुकसान तिथूनच सुरू होतं. गाडीच्या कंपनीच्या मूळ नळीचा आतला व्यास ५८ मिमी आहे, आपल्या नळीचा ६३ मिमी. पाच मिलीमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ २६.४ चौ. सेंमीवरून ३१.२ चौ. सेंमीवर जातं, म्हणजे १८ टक्के वाढतं. हा सेन्सर एकूण हवा मोजत नाही. स्वतःच्या तारेवरून जाणारी हवा तेवढी मोजतो आणि बाकीचा हिशेब ५८ मिमीच्या नळीवर बेतलेला असतो. नळी रुंद झाली की तारेवरून जाणारी हवा मंदावते आणि तीच हवा सेन्सरला सुमारे १५ टक्के कमी दिसते. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तेवढं इंधन कमी सोडतो. मग ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि ईसीयू इंधन वाढवत बसतो. माझ्या गाडीत लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करतो ती टक्क्यांतली दुरुस्ती) अधिक २ वरून अधिक १७ वर गेला, पी०१७१ हा, मिश्रण पातळ म्हणजे इंधन कमी असल्याचा कोड आला आणि चेक इंजिनचा दिवा लागला. मूळ नळी परत लावली, कोड पुसला, ट्रिम जागेवर आला. बाकी काहीही बदललेलं नव्हतं.

हल्ली पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याला हवेच्या मानाने इंधन मुळातच जास्त लागतं, म्हणजे ट्रिमची जी थोडी शिल्लक असते ती त्यातच खर्च होते. वर आपली सुमारे १५ टक्क्यांची भर. पूर्ण थ्रॉटलवर गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावर चालत नाही, तिथे मिश्रण पातळ राहिलं तर नॉकिंग होतं (मिश्रण अवेळी पेटतं) आणि नॉक सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो. ताकद वाढवायला घेतलेल्या वस्तूमुळे ताकद कमी होते, ती अशी. मॅप सेन्सरच्या गाड्यांना हा त्रास होत नाही, कारण तिथे हवेचा हिशेब मॅनिफोल्डच्या दाबावरून होतो. पण आपल्या खोक्यावर "सर्व १२०० सीसी पेट्रोल गाड्यांसाठी" एवढंच छापलं आहे. दोन प्रकारच्या सेन्सरचा साधा उल्लेखही नाही.

आता ताकदीचा दावा. आपण १२ टक्के लिहिलं आहे. हे तपासायला डायनो (ताकद मोजण्याचं यंत्र) लागत नाही. ६ मिमीची पारदर्शक नळी, तिचा इंग्रजी यू आकार, त्यात रंगीत पाणी आणि एक मोजपट्टी पुरते. एक टोक सेन्सर आणि थ्रॉटलच्या मधल्या होजला जोडायचं, दुसरं केबिनमध्ये मोकळं ठेवायचं. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, ६,००० आरपीएम. एकाने चालवायचं, दुसऱ्याने पट्टी वाचायची. मूळ डब्यावर दाबातली घट २८० मिमी पाणी आली. वातावरणाचा दाब सुमारे १०,३०० मिमी पाण्याइतका असतो. अडथळा शून्यावर आणला, जे कुणालाच शक्य नाही, तरी टर्बो नसलेल्या इंजिनाला जेमतेम पावणेतीन टक्के हवा जास्त मिळेल. बारा टक्के येणार कुठून?

या २८० मिमीची फोडही करून पाहिली. डब्याचं आत येणारं तोंड एकट्याने १५० मिमी खातं, सेन्सरची नळी आणि होज ८० मिमी, आणि ज्याच्या जोरावर आपली सगळी जाहिरात उभी आहे तो फिल्टर, स्वच्छ असताना, फक्त ५० मिमी. आपल्या कापडी फिल्टरने त्यातले २० वाचतात. खरी अडचण खालच्या डब्याच्या तोंडाशी आहे. ते ६२ बाय ३२ मिमीचं लंबगोल, म्हणजे १५.६ चौ. सेंमी, पुढच्या नळीच्या साठ टक्केसुद्धा नाही. ६,००० आरपीएमला या इंजिनाला सेकंदाला सुमारे ५३ लिटर हवा लागते, ती त्या तोंडातून ताशी १२० किमीच्या वेगाने घुसते आणि धारदार कडेवर फाटते. दुरुस्ती करायची तर तिथे. आपलं किट नेमकं ते तोंड तसंच ठेवतं, त्याला बाहेरून वळ्यावळ्यांचा पाइप चढवतं, आणि भरपाई म्हणून खालच्या डब्याला इंजिनाच्या बाजूने १० मिमीची १२ भोकं पाडायला सांगतं.

भोकांनी अडथळा कमी होतो, हे मान्य. पूर्ण किटसह घट १९५ मिमीवर आली, म्हणजे ८५ मिमी वाचले, ०.८ टक्के. पण त्या भोकांतून येते ती रेडिएटरच्या पंख्याने फेकलेली हवा. मे महिन्यात बडोद्यात बाहेर ४१ अंश असताना, गर्दीत, एसी चालू ठेवून स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचं तापमान मूळ डब्यात ४९ अंश होतं, आपल्या किटवर ६२. केल्विनमध्ये ३२२ आणि ३३५. घनता चार टक्क्यांनी घटली. हायवेवर गाडी वेगात असताना फरक तीन अंशांवर येतो, तरी जवळपास एक टक्का जातोच. कमावले ०.८, घालवले १ ते ४. भोकांमुळे आवाज मात्र वाढतो, आणि माणसाला वाटतं गाडी पळायला लागली.

भोकं पाडण्याची पद्धतही आपण अर्धवट सांगितली आहे. डबा गाडीतून पूर्ण उतरवून घ्या, फिल्टर काढा, भोकाच्या आतल्या कडेचा कीस चाकूने तासा आणि डबा धुऊन वाळवूनच परत लावा, यातलं एकही वाक्य पत्रकात नाही. चित्रात तर ड्रिल गाडीतच बसवलेल्या डब्यावर धरलं आहे! बाण इतका वर दाखवला आहे की नवखा माणूस झाकणाच्या बाजूला, म्हणजे फिल्टरच्या पलीकडे भोक पाडेल. तिथून आत गेलेल्या धुळीला अडवायला काही उरत नाही. ती थेट सिलिंडरच्या भिंतीवर आणि रिंगांवर घासते आणि गाडी ऑइल खायला लागते.

धुळीचा दुसरा रस्ता झाकणाच्या सीलमधून आहे. मूळ फिल्टरची रबरी कड झाकण दाबून धरते. आपल्या फिल्टरची कड ३ मिमीने पातळ आहे, आणि ती उणीव फोमच्या चिकटपट्टीने भरून काढायची अशी आपली सूचना. झाकणाच्या कडेला खडू घासून चारही क्लिपा लावल्या आणि उघडून पाहिलं. फोमवर खडूची रेघ अखंड उमटायला हवी होती; बॅटरीकडच्या कोपऱ्यात चार बोटं जागा कोरी राहिली. त्याच कोपऱ्याच्या वर, झाकणाच्या आत, पांढरं फडकं फिरवलं तर मातकट पट्टा आला. फट सिलिकॉनने भरा म्हणाल, तर डबा पॉलिप्रॉपिलिनचा आहे, त्याला सिलिकॉन धरत नाही. उन्हात दोन दिवस राहिलं की सालासारखं सुटून येतं. शिवाय किटमधली ट्यूब आंबट वासाची, साधी आहे. ते वाळताना निघणारी वाफ इंजिनात गेली तर ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. गाडीसाठी वेगळं, सेन्सरला चालणारं सिलिकॉन मिळतं.

पण ज्या कारणाने हे पत्र आज, पावसाच्या तोंडावर पाठवतो आहे, ते हे. मूळ स्नॉर्केल, म्हणजे बाहेरची हवा डब्यात आणणारा पाइप, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर उघडतो, जमिनीपासून ७५ सेंमीवर. आपला पाइप फॉग लॅम्पमागे, ३० सेंमीवर तोंड उघडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी अर्ध्या शहरात शिरलं होतं, ते सोडून द्या. अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात) एका जोरदार सरीत घोटाभर पाणी होतं, आणि चालत्या गाडीपुढे त्याची लाट बंपरपर्यंत चढते. या इंजिनाच्या एका सिलिंडरचं आकारमान २९९ सीसी, कॉम्प्रेशन ११:१, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त ३० सीसी. चहाचे सहा चमचे पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर यायला जागा नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ डब्याच्या तळाला पाणी निघून जायला रबरी झडप असते. आपल्या पत्रकात तीही "हवा गळते" म्हणून सिलिकॉनने बुजवायला सांगितली आहे. ही सूचना वाचून कुणी खरंच ते भोक बुजवलं असेल, या विचाराने अस्वस्थ व्हायला होतं. इंजिन उघडण्याचा खर्च किटच्या किमतीच्या कितीतरी पट येतो, आणि बदल केलेल्या भागामुळे पाणी शिरलं असं सर्व्हेअरने लिहिलं तर विमा कंपनीही हात वर करू शकते.

किट सुधारता येईल, आणि ते अवघडही नाही. सेन्सरची नळी ५८ मिमीचीच ठेवा. १२ भोकांचा साचा काढून टाका. त्याऐवजी खालच्या डब्याचा नवीन भाग द्या: तोंड ३२ चौ. सेंमीच्या आसपास, कडेला किमान ८ मिमी त्रिज्येची गोलाई, स्नॉर्केलची उंची मुळाइतकीच, तळाची झडप कायम. फिल्टरची कड मूळ जाडीची करा. ज्यांना मूळ डबाच रुंद करून हवा आहे त्यांना तोंड कापून पॉलिप्रॉपिलिनच्याच कांडीने गरम हवेचं वेल्डिंग करायला सांगा, कुठल्याही गोंदाने नाही. दाव्यात "दोन टक्क्यांपर्यंत" लिहा. तेवढं मिळालं तरी घेणारे घेतील.

माझ्या मागण्या अशा. किटचे ८,४०० रुपये आणि भोकं पाडलेल्या खालच्या डब्याऐवजी नवीन मूळ डब्याची किंमत, बिलाप्रमाणे, परत मिळावी. ज्यांनी हे किट घेतलं आहे त्या सगळ्यांना, त्यांचे नंबर आपल्याकडे आहेतच, खालचा पाइप काढून मूळ स्नॉर्केल लावण्याची आणि तळाची झडप मोकळी करण्याची सूचना या आठवड्यातच पाठवावी. पैशापेक्षा ही मागणी मला जास्त महत्त्वाची आहे. आणि खोक्यावरचा १२ टक्क्यांचा दावा काढावा, किंवा तो कुठल्या गाडीवर, कसा मोजला ते कळवावं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोषयुक्त वस्तू व दिशाभूल करणारी जाहिरात या मुद्द्यांवर बडोद्याच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. या कायद्याने ग्राहकाला राहत्या ठिकाणी दावा लावता येतो, पुण्याला यावं लागत नाही.

सोबत बिलाची प्रत, स्कॅनरच्या दोन्ही वेळच्या नोंदी, मॅनोमीटर (ती पाण्याची यू नळी) आणि खडूच्या खुणेचे फोटो जोडले आहेत. काढलेलं किट जसंच्या तसं ठेवलं आहे. आपला माणूस येऊन पाहू शकतो, नेण्याचा खर्च आपण करावा. फोन सकाळी दहानंतर करावा.

कळावे,
आपला ग्राहक
(नाव, पत्ता व गाडीचा नंबर बिलावर आहेत)