दुधाच्या पिशवीचा कोपरा

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालास, "आई, इथे जर्मनीत कागदाचा डबा निळा, वेष्टणांचा पिवळा, ओल्या कचऱ्याचा तपकिरी, उरलेल्याचा काळा. काचेच्या बाटल्या तर रस्त्यावरच्या टाकीत रंग बघून टाकायच्या, त्याही रविवारी नाहीत, आवाज होतो म्हणून." कामावरून दमून आल्यावर याचा कंटाळा येतो, हे मला कळतं. पण तुला काही सांगायचं होतं, ते फोनवर जमलं नाही.

परवा सकाळी रापण ओढली. मी टोपली घेऊन गेले. जाळं वाळूवर आलं तर बांगड्यांबरोबर चपला, औषधांची पाकिटं, वेफरच्या पिशव्या. रापणकर एकेक बांगडा सोडवत होते. माझ्या वाट्याच्या एका बांगड्याच्या कल्ल्यात दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा अडकला होता. नखाएवढा, निळ्या रेघेचा. असाच कोपरा मी रोज सकाळी कापते आणि तो मोरीत जातो. मोरीचं पाणी माडाच्या अळ्यात, पावसात तिथून व्हाळात, व्हाळ खाडीला, खाडी समुद्राला. तो कुणाच्या घरचा होता कोण जाणे, पण माझ्या घरचा नव्हता असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

तेव्हापासून कोपरा पुरता कापत नाही. नुसती चीर देते, तुकडा पिशवीलाच राहतो. पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालते. भंगारवाला कोरड्या, बिनवासाच्या पिशव्या नेतो. वेफरच्या पाकिटांना मात्र तो हात लावत नाही. आतला चांदीसारखा थर प्लास्टिकला चिकटवलेला असतो, तो सहज सुटत नाही. त्याला एकच उपाय, ती घरात आणायची नाहीत. शेजारची पोरं आली की त्यांना आठळ्या भाजून देते.

एक गोष्ट मनात सलते, ती तुला सांगतेच. तुझ्या लहानपणी न्हाणीची चूल पेटवायला मी पिशव्याच लावायचे. पावसाळ्यात लाकडं ओली, पिशवी भुर्रकन पेटायची. आंघोळीच्या पाण्यासाठी तू तिथेच त्या काळ्या धुरात डोळे चोळत उभा असायचास. जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर किती विषारी, हे कुणी सांगितलं नव्हतं. वाडीत वाळल्या पातेऱ्याबरोबर अजूनही लोक प्लास्टिक जाळतात. मी आता समोरासमोर बोलते. कुणाला राग येतो, येऊ दे.

तुझ्या आजीच्या वेळी जाळण्यासारखं काही उरतच नसे. नारळ सोलला की सोडणं चुलीला, नाहीतर त्याच्याच काथ्यानं राख लावून भांडी घासायची. करवंटीला दांडा बसवला की आमटीची डवली. माडाचं चुडत पडलं की दोन बाजूंनी चिरून झाप विणायचे, पावसाळ्यात पडवीला लावायला. पातीची हीर काढून झाडायला वाडवण बांधायची. ती झिजून बुटकी झाली की गोठ्यात, आणि गोठ्यातून चुलीत. राख परत माडालाच. रातांब्याची सालं वाळवून आमसुलं, बियांचं कोकमतेल, तेच थंडीत आपल्या फुटलेल्या टाचांना. लुगडं विरलं की वाकळ. मासे धुतलेलं पाणी मिरचीच्या रोपांना. हे करताना आजीला आपण फार मोठं काही करतोय असं वाटत नसे. वस्तूचा जीव संपेपर्यंत तिला घराबाहेर काढायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

आता नायलॉनची जाळी आली, ती कुजत नाहीत. फाटकी जाळी रापणकर वाळूतच टाकून जायचे. तिघा-चौघांकडून मागून आणली आणि परसातल्या भाजीला कुंपण केलं. कोंबड्या आत येत नाहीत, आणि समुद्रात एखादं कासव त्यात अडकणार नाही.

आपल्या वेंगुर्ल्याच्या नगर परिषदेनं तर कचरा टाकायच्या जागेवर बाग उभी केली. घराघरांतून वेगळा केलेला कचरा घ्यायचा, ओल्याचा गॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरात घालून रस्ते. आपल्या वाडीत अजून कचऱ्याची गाडी येत नाही, त्यामुळे माझ्या मनात तो रस्ता फार बसलाय.

तुमच्याकडे बाटलीमागे 25 सेंट अनामत ठेवतात आणि यंत्रात बाटली घातली की परत देतात, हे मला फार आवडलं. रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभं राहायला तुला संकोच वाटतो म्हणालास. अरे, आपल्या दुकानात सोड्याची बाटली परत देऊन तू चार आणे घ्यायचास, तेव्हा कुठे संकोच होता? पिवळ्या डब्यातलंही बरंच शेवटी जाळतात, हे तूच सांगितलंस. मग डबा नीट भरण्याआधी तो कमी भरेल असं बघ. पाणी नळाचं पी, तिथलं चांगलं असतं. बाजाराला जाताना कापडी पिशवी खिशात असू दे. घरी बसवलेलं दही विकतच्यापेक्षा गोडच लागतं.

खोका पाठवलाय. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि तिरफळं आहेत. फोडताना कात्री जपून चालव, कारण मधे प्लास्टिकचे फुगे नाहीत, माझी जुनी सुती साडी फाडून भरली आहे. आमसुलं काचेच्या बरणीत काढ आणि साडीचे तुकडे धुऊन ओट्याजवळ ठेव, कागदी टॉवेल लागणार नाहीत. त्यात किरमिजी काठाचा एक तुकडा आहे, तो पुसायला घेऊ नकोस. तुझ्या बारशाची ती साडी.

मे महिन्यात येताना जॅमच्या रिकाम्या बरण्या आण, झाकणासकट. लोणचं तुझ्यासमोरच घालू.

तुझी,
आई