चिठ्ठी आणा, काम होईल

संपादक साहेब, आमच्याकडे नवीन तहसीलदार आले की लोक आधी विचारतात, किती दिवस टिकणार? 2005 च्या बदली कायद्यात साधारण 3 वर्षं दिलीयत, आधी हलवायचं तर कारण लेखी नोंदवून वरची मंजुरी लागते, पण कारण काय तर "प्रशासकीय", बस्स. बदल्यांत, कामांत हात घालणाऱ्या आमदारांचीही बाजू आहे म्हणा, रस्ता नाही झाला तर शिव्या त्यांनाच. पण मागच्या महिन्यात रेशनकार्डासाठी गेलो तर दुसऱ्याच्या अर्जाला आमदाराच्या लेटरहेडची चिठ्ठी टाचलेली, क्लार्क म्हणतो काका तुम्ही पण एक आणा ना. 2013 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं, अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर काम करू नये, लेखी घ्यावं. इथे तर लेखीच देतायत की बिनधास्त!

- एक वाचक