कसिनोच्या शेजारचा "पुराना हॉल"

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिका ट्रिपवरच्या लेखात न्यू जर्सीतली अटलांटिक सिटी आली की पुढच्या ओळीत कसिनो येणार हे आता ठरलेलंच आहे, तुमच्या पेपरातही तेच. मी एडिसनला राहतो. पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की तिकडे एक चक्कर होतेच. मागे एका ट्रॅव्हलवाल्याच्या बसने गेलो होतो, त्याच्या गाईडने समुद्रकाठच्या बोर्डवॉकवर उभं राहून एका अवाढव्य दगडी बिल्डिंगकडे नुसता हात केला, "ये पुराना हॉल है" म्हणाला आणि सगळ्या काका-काकूंना स्लॉट मशीनकडे पिटाळलं. तो पुराना हॉल म्हणजे बोर्डवॉक हॉल, आणि खरं सांगू का, त्या गावात बघण्यासारखं काही असेल तर तेच आहे.

हे गाव मुळात वसवलं रेल्वेने, १८५४ साली, फिलाडेल्फियाची माणसं समुद्रावर हवा खायला यावीत म्हणून. लोकांच्या बुटांबरोबर हॉटेलात आणि रेल्वेच्या डब्यात वाळू यायची म्हणून १८७० ला किनाऱ्यावर लाकडी फळ्या टाकल्या, तोच हा बोर्डवॉक. पण उन्हाळा संपला की गाव ओस, मग माणसं थांबवायला काय काय केलं, मिस अमेरिका स्पर्धा १९२१ ला सुरू झाली ती त्यासाठीच, आणि बारा महिने अधिवेशनं भरावीत म्हणून हा हॉल बांधला. मे १९२९ मध्ये उद्घाटन झालं आणि ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, काय टायमिंग बघा. आत छत १३७ फुटांवर, म्हणजे सहज तेरा मजले, आणि मधे एकही खांब नाही. १९७० ला तर आतल्या आत हेलिकॉप्टर उडवून दाखवलं होतं. महायुद्धात इथे सैनिकांचं ट्रेनिंग चालायचं, आणि बॉक्सिंगमध्ये टायसनने स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं तेही इथेच, १९८८ ला.

पण मला सांगायचंय ते १९६४ चं. ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन इथे होतं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची पुन्हा त्याच पदासाठीची उमेदवारी पक्की करायला. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातून जे अधिकृत प्रतिनिधी आले ते सगळे गोरे, कारण काळ्यांना तिथे मतदार यादीतच येऊ देत नव्हते, म्हणून त्यांनी आपला वेगळा पक्ष काढून आपले प्रतिनिधी पाठवले. त्यांच्यातल्या फॅनी लू हेमर, कापसाच्या शेतात राबणारी बाई, मत नोंदवायला गेली म्हणून मळ्यावरून हाकललेली, पुढे जेलमध्ये मार खाल्लेली, ती कोणाचे प्रतिनिधी खरे हे ठरवणाऱ्या कमिटीपुढे बसून हे सगळं टीव्हीसमोर सांगत होती. जॉन्सननी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली आणि कॅमेरे तिकडे वळले, पण उपयोग काय, रात्री चॅनेलवाल्यांनी तिचं बोलणं परत दाखवलंच आणि दुपारी ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनीही पाहिलं. तडजोड म्हणून या वेगळ्या पक्षाला दोन जागा देऊ केल्या, त्या त्यांनी नाकारल्या. अधिवेशन संपून तीन दिवस होत नाहीत तोच त्याच हॉलमध्ये बीटल्सचा कार्यक्रम! १९६८ ला आत मिस अमेरिका चालू असताना बाहेर फळ्यांवर बायकांनी स्पर्धेचा निषेध म्हणून कचऱ्याचा डबा मांडून त्यात कॉर्सेट, ब्रा, फरशी पुसायचे मॉप टाकले. जाळलं काहीच नाही, जाळल्याची नुसती आवई आजपर्यंत चालू आहे.

आता या हॉलमधला ऑर्गन. माझे बाबा तरुणपणी हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे, पायाने भाता मारायचा आणि समोर गाणारा किती ताना घेईल याचा भरवसा नाही, त्यामुळे पोटऱ्या दुखायच्या म्हणे. आम्ही परत गेलो ते बस सोडून, आपल्या गाडीने. उन्हाळ्यात कामाच्या दिवशी दुपारी १२ ला तिथे अर्धा तास फुकट ऑर्गन ऐकवतात. आपल्या ऑर्गनमध्ये पितळी पट्ट्या वाजतात, इथे पाईप आहेत, ३३ हजारांच्या वर, जगातला सगळ्यात मोठा. इमर्सन रिचर्ड्स नावाच्या, न्यू जर्सीच्या राज्य सिनेटमधल्या सिनेटरने आखलेला, १९३२ पर्यंत काम चाललं. सगळ्यात खालचा सूर कानाला ऐकूच येत नाही इतका खाली. १९४४ च्या वादळात समुद्राचं पाणी शिरलं, नंतर अनेक वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही, २००१ ला हॉल नवा केला त्या कामात याचं अजून नुकसान झालं, आता हळूहळू दुरुस्ती चालू आहे. वाजायला लागल्यावर बाबांचा पाय आपोआप हलत होता, भाता मारल्यासारखा, आई मला खुणेने दाखवत होती.

२०२२ ला इकडच्या मराठी मंडळांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन याच गावात झालं, अर्थात ते नव्या कन्व्हेन्शन सेंटरात, समुद्रापासून आत. तेव्हा आलेल्यांपैकी किती जणांनी हा हॉल पाहिला असेल? म्हणून विनंती, पर्यटनाच्या पानावर पुढच्या वेळी दोन ओळी याच्याही द्या, आणि ट्रॅव्हलवाल्यांनी बस सकाळी अर्धा तास लवकर काढावी, बारा वाजता ऑर्गन ऐकूनही कसिनोला चिक्कार वेळ उरतो.

आपला,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी