अर्थमंत्री साहेब, तुमच्या बजेटमागची गृहीतकं पण छापा की

माननीय अर्थमंत्री साहेब,

स.न.वि.वि.

हे पत्र तुम्हाला लिहितोय पण तुमच्या खुर्चीत आधी जे बसून गेले आणि पुढे जे बसतील त्यांनाही ते तेवढंच लागू आहे, त्यामुळे मनावर घेऊ नका. बजेट कुठलंही असो, त्यात एक वाक्य हमखास असतं, "अर्थशास्त्र सांगतं की..." आणि मग टॅक्स, सबसिडी, आयात शुल्क, जे काही करायचं असेल ते त्याच्या मागोमाग येतं. माझा प्रश्न साधा आहे. नेमकं कुठलं अर्थशास्त्र? कुणी, कधी, आणि कुठल्या अटी घालून सांगितलं? कारण सिद्धांत मंत्रालयात पोचेपर्यंत त्याच्या अटी वाटेतच गळून पडतात आणि तुमच्या हातात उरतो तो फक्त निष्कर्ष.

मुक्त व्यापाराचंच घ्या. इंग्लंडचा अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो याने 1817 साली गणित मांडलं: ठरावीक कापड विणायला इंग्लंडला 100 माणसं वर्षभर लागतात आणि ठरावीक वाइनला 120, पोर्तुगालला तेच कापड 90 माणसांत होतं आणि वाइन 80 त. म्हणजे पोर्तुगाल दोन्हीत सरस, पण वाइनमध्ये जास्त सरस, म्हणून त्याने वाइनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, दोघांचाही फायदा. सुंदर डोकं आहे, दोनशे वर्षांनीही कौतुक वाटतं. पण त्याच प्रकरणात रिकार्डो हेही सांगतो की भांडवलवाले आपला देश सोडून सहसा बाहेर पैसा लावत नाहीत म्हणून हे गणित जमतं, आणि ही वृत्ती कमी झाली तर मला वाईट वाटेल. आता पैसा एका क्लिकवर सीमा ओलांडतो साहेब. शिवाय गणितात विणकर आपोआप वाइनवाला होतो, प्रत्यक्षात त्याचं वय पन्नास असतं, घराचे हप्ते चालू असतात आणि नवीन काम दुसऱ्या टोकाला असतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या तीन अर्थतज्ज्ञांनी 2013 मध्ये अमेरिकेच्या जिल्हावार आकड्यांवरून दाखवलं की चीनच्या आयातीचा फटका जिथे जास्त बसला तिथे बेकारी वाढली, पगार घसरले, अपंगत्व भत्त्यासारख्या सरकारी मदतीवर जगणारे वाढले. देशाची सरासरी मात्र ठीकठाक. सरासरीत तो जिल्हा दिसतच नाही. आणि यावर अर्थशास्त्राचं ठरलेलं उत्तर 1939 पासून तयार आहे, कॅल्डोर आणि हिक्स यांचं: ज्यांचा फायदा झाला ते नुकसान झालेल्यांना भरपाई देऊन वर काही उरवू शकत असतील तर बदल चांगला. भरपाई प्रत्यक्षात दिलीच पाहिजे अशी अट नाही! देता आली असती एवढं पुरे. कागदावर मिळालेल्या त्या भरपाईवर कुणाचं घर चालतं हे एकदा तुमच्या सल्लागारांना विचारून बघा.

यावरून मी अर्थतज्ज्ञांचं ऐकूच नका म्हणतोय असं कुणी समजू नये. 1930 मध्ये अमेरिकेत हजारावर अर्थतज्ज्ञांनी सह्या करून सांगितलं होतं की आयात शुल्क वाढवणारा स्मूट-हॉले कायदा करू नका, राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी तरी सही केली, मग बाकीच्या देशांनी उलट शुल्क लावलं आणि आधीच मंदीत असलेला व्यापार आणखी आटला. ऐकायला हवं होतं तेव्हा ऐकलं नाही. माझी तक्रार अर्धवट ऐकण्याबद्दल आहे.

आता वित्तीय तूट, म्हणजे सरकारची कमाई खर्चाला जेवढी कमी पडते ती, जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) 3 टक्के. हा आकडा जगभरात असा काही मानला जातो की जणू तो निसर्गनियम आहे, पाणी 100 डिग्रीला उकळतं तसा. त्याचा जन्म कसा झाला माहितीय? 1981, फ्रान्स, राष्ट्राध्यक्ष मितराँ नुकतेच निवडून आलेले, मंत्री खर्चाच्या मागण्या घेऊन येतायत आणि त्यांना गप्प करायला काहीतरी नियम हवा. बजेट खात्यातल्या दोन तरुण अधिकाऱ्यांना सांगितलं, झटपट काहीतरी शोधा. त्यातल्या गी आबेय यांनी पुढे स्वतःच सांगितलंय की तासाभरात, कुठल्याही सिद्धांताच्या आधाराशिवाय, जीडीपीच्या प्रमाणात एक आकडा ठरवला. 1 टक्का अशक्यच होता, 2 मध्ये हात बांधले जात होते, 3 बरा दिसला. तोच आकडा पुढे युरोपीय देशांच्या 1992 च्या मास्ट्रिक्ट करारात गेला. मग त्याला समर्थनही मिळालं, की कर्ज जीडीपीच्या 60 टक्के आणि महागाई धरून वाढीचा दर 5 टक्के असेल तर 3 टक्के तुटीत कर्जाचं प्रमाण स्थिर राहतं. हिशोब बरोबर आहे, पण वाढ 5 ऐवजी 2 झाली की तोच हिशोब कोलमडतो. तूट आवरायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही, पण सोयीसाठी काढलेल्या आकड्याची पूजा करताना निदान त्याची जन्मकथा तरी माहीत असावी.

कर्जाचंही तसंच. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा 2010 चा पेपर: सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची सरासरी वाढ उणे 0.1 टक्का. युरोप-अमेरिकेतल्या नेत्यांनी खर्चकपातीसाठी तो डोक्यावर घेतला. 2013 मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने मूळ एक्सेल शीट मागवली, तर सरासरीचा फॉर्म्युला काही ओळी आधीच संपलेला, 20 पैकी 5 देश मोजायचेच राहिलेले! त्यात न्यूझीलंडचं एक वर्ष आणि ब्रिटनची 19 वर्षं एकाच वजनाने धरलेली. त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी सगळं नीट केल्यावर सरासरी आली 2.2 टक्के. लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, एकूण निष्कर्ष मात्र सोडला नाही, तो त्यांचा प्रश्न. त्याच वर्षी आयएमएफचे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे) तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ब्लांशार यांनी त्यांचे सहकारी ली यांच्यासोबत लिहिलं की खर्चकपातीने अर्थव्यवस्थेला किती धक्का बसेल याचा युरोपातला अंदाज कमी धरला गेला होता. तोवर ग्रीसमधली बेकारी 27 टक्क्यांवर पोचली होती. अंदाज चुकवणाऱ्यांपैकी कुणाची नोकरी गेल्याचं ऐकलंत का?

अजून एक गोष्ट, ही मात्र छोटी आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या काही पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून बघितला, कारण किंमत वाढली की वापर कमी होतो हे पहिल्याच धड्यात शिकवतात. झालं उलटंच, उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता पैसे भरले की विषय संपला. मग दंड काढून टाकला तरी उशीर काही पूर्वीवर आला नाही. म्हणजे सिद्धांत माणसाचं नुसतं वर्णन करत नाही, माणसाला बदलूनही टाकतो, आणि ते मागे फिरवता येतंच असं नाही. दंड, फी, इन्सेन्टिव्हवाल्या योजनांच्या फायली तुमच्या टेबलावर येतात तेव्हा हे लक्षात ठेवा एवढंच.

तर साहेब, मागणी फार मोठी नाही. बजेटच्या गठ्ठ्यात इतकी पानं असतात, त्यात एक पान वाढवा. प्रत्येक मोठ्या निर्णयापुढे लिहा की आम्ही काय गृहीत धरलंय, ते खोटं ठरलं तर सगळ्यात आधी कुणाला झळ बसेल, आणि किती महिन्यांनी आम्ही पुन्हा तपासणार. टॅक्स कमी केला की गुंतवणूक वाढेल म्हणताय? मग किती वाढेल ते लिहा, दोन वर्षांनी बघू. खात्यातले लोक म्हणतील हे शक्य नाही, आकडे बांधून घेतले की विरोधक धरून बसतील. बसू देत की. पहिल्या वर्षी आयात शुल्काच्या निर्णयांपुरतं करून बघा, तिथे कुठला धंदा बसणार आणि कुठला चालणार हे आधी सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

कळावे,
आपला,
एक करदाता