विषय: ब्रेक पेडल अधूनमधून तळाला जाते, तरी गाडी तीनदा 'ओके' म्हणून परत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या नाशिकच्या अधिकृत वर्कशॉपने माझी गाडी दीड महिन्यात तीनदा 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून परत केली. गाडी वॉरंटीत आहे. सध्या ती पार्किंगमध्ये चाकांना विटा लावून उभी आहे.

पहिल्यांदा झालं ते नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत. पुढे एसटी, गाडी उभी, पाय पेडलवर हलकाच. पेडल लोण्यात बोट रुतावं तसं खाली खाली गेलं आणि मॅटला टेकलं. गाडी एसटीकडे सरकली. हॅण्डब्रेक ओढला म्हणून वाचलो. पाय उचलून पुन्हा दाबला, तर पेडल कडक! नंतर असं पाच वेळा झालं. दरवेळी गाडी उभी असताना, हलक्या पायाने. जोरात ब्रेक मारताना एकदाही नाही.

आणि आपला माणूस ट्रायलला काय करतो? एक चक्कर मारतो, दोनदा कचकन ब्रेक दाबतो आणि म्हणतो, "काका, ब्रेक एकदम ओके." तसे ते ओकेच लागणार. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलेंडर. त्यातलं रबरी वायसर झिजलं, की झटक्यात दाबल्यावर ते भिंतीला घट्ट बसतं, पण हलकं दाबून धरलं की ऑइल त्याच्या कडेने मागे निसटतं. सातपूरला २८ वर्षं मी हायड्रॉलिक प्रेसवर काढली. रॅम, म्हणजे प्रेसचा दाब देणारा दांडा, आपोआप उतरायला लागला की आम्ही आधी सील बघायचो.

दुसऱ्या खेपेला 'एअर काढली', म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, म्हणून १,४५० रुपये घेतले. एअर असती तर पेडल रोजच स्पंजासारखं लागलं असतं. तिसऱ्या खेपेला विचारलं, कसारा घाट उतरलात का, ऑइल तापलं असेल. नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल २३० अंशांच्या आत उकळत नाही. द्वारकेला मी कसली शर्यत लावली होती?

ऑइल बाहेर गळतंय का, हे मीच पाहिलं. ब्रेक ऑइलच्या टाकीवर, ऑइलच्या रेषेला सौ.ची लाल टिकली चिकटवली. तीन आठवडे झाले, पातळी टिकलीला धरून आहे. चारही चाकं आतून कोरडी. म्हणजे गळती आतच.

दोष मास्टर सिलेंडरचाच, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. एबीएस युनिटमधला (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेतला) व्हॉल्व्हही असा दाब सोडू शकतो. पण तपासायला वेळ लागत नाही. इंजिन चालू ठेवून पेडल दोन-तीन मिनिटं हलकं दाबून धरायचं, आणि एकदा ते खाली नाही बसलं तर पुन्हा पुन्हा. बसलं, तर मास्टर सिलेंडरची तोंडं प्लगने बंद करून तेच करायचं. तरीही बसलं तर सिलेंडर खराब, टिकलं तर दोष पुढे कुठेतरी.

ही तपासणी माझ्यासमोर करावी, सदोष भाग वॉरंटीत बदलावा आणि १,४५० रुपये परत करावेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

गाडी मी चालवत आणणार नाही, टोइंग पाठवा. टाकीवरची टिकली मात्र कुणी काढू नये.

कळावे,
तक्रारदार ग्राहक, इंदिरानगर, नाशिक

सोबत: तिन्ही जॉब कार्डांच्या प्रती, पावती